राउटर, बॅटन आणि मशीनवरची टिकली : प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट २०२३, शनिवार. चरई, ठाणे

संध्याकाळी ऐरोलीहून लोकलने दादाकडे आलो. वहिनींच्या डोकेदुखीला दोन महिने झाले. सकाळी ठीक असतात. दुपारी तीन-चारच्या सुमारास कपाळापासून ठणका सुरू होतो, मानेपर्यंत उतरतो, मळमळतं, गालांची आग होते. ब्लाउजची कामं परत पाठवावी लागतायत, तीही ऐन अधिक महिन्यात, वाणाच्या साड्यांची गर्दी असताना.

त्यांच्या मते कारण एकच, वाय-फायचा राउटर. "भावजी, तो डबा भिंतीवर चढला त्या आठवड्यापासून हे मागे लागलंय. चालू असला की मला कळतं. अंगातून काहीतरी सरसरत जातं. तुमचं कामच मोजायचं आहे ना? मग हे मोजा."

माझं काम मोजायचंच आहे. महापे एमआयडीसीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये एकोणीस वर्षं दुसऱ्यांची मीटरं खरं सांगतात का ते बघतोय. माणसाचा त्रास मीटरवर दिसत नाही, म्हणून तो नसतो असं थोडंच आहे? गेल्या महिन्यात वहिनी ज्या डॉक्टरांकडे गेल्या त्यांनी पाच मिनिटांत "मनाचे खेळ आहेत, भजनी मंडळात जात जा" म्हणून बोळवण केली. त्या दिवसापासून त्यांनी घरात हा विषय काढणंच सोडलं होतं. मला त्याचा अजून राग येतो.

वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिला आणि त्यांना वाचून दाखवला: त्रास खरा धरून चालायचं, शोधायचं ते कारण. प्रत्येक मोजमाप त्यांच्यासमोर. प्रत्येक आकडा आधी त्यांना.

६ ऑगस्ट, रविवार

घरात काय कधी बदललं ते काढलं. वहिनींची ऑर्डरची वही इथे कामाला आली. मेच्या शेवटच्या आठवड्यात रंगकाम, हॉलला फॉल्स सीलिंग, सगळे दिवे बदलून एलईडी. २ जूनला फायबरचं कनेक्शन आणि राउटर, कारण पुतण्या घरून काम करतो. ७ जूनच्या पानावर पहिल्यांदा दोन शब्द: "डोकं. बंद."

म्हणजे दिवे आणि राउटर आठवडाभराच्या आत घरात आले.

मशीन आहे आत घेतलेल्या बाल्कनीत. तिथपर्यंत फॉल्स सीलिंग पोचलं नाही, कंत्राटदाराने स्वस्तातला एक एलईडी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखा लांब दिवा, ठोकून दिला. त्याच्या खालच्या फळीवर राउटर. दोन्ही वहिनींच्या डोक्यापासून जेमतेम मीटरभर अंतरावर. राउटरचे हिरवे ठिपके सारखे लुकलुकतात, तो काहीतरी करतोय हे डोळ्यांना दिसतं. बॅटन गपचूप उजेड देतो, त्याच्यावर संशय कोण घेणार?

रात्री वाचन. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली प्रागला या विषयावर बैठक घेतली आणि डिसेंबर २००५ मध्ये माहितीपत्रक काढलं. त्यातल्या दोन गोष्टी एकत्रच वाचायला हव्यात. लोकांना होणारा त्रास खरा आहे, काहींना तर काम सोडावं लागतं. आणि तो विद्युत-चुंबकीय लहरींमुळे होतो याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले जेम्स रुबिन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ३१ प्रयोग एकत्र तपासले, त्यात ७२५ माणसं होती. २०१० साली परत बसले तेव्हा प्रयोग झाले ४६ आणि माणसं १,१७५. सगळे दुहेरी आंधळे, म्हणजे लहरी चालू आहेत की बंद हे बसणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि शेजारी उभ्या असलेल्या संशोधकालाही नाही. अशा वेळी कुणाला चालू-बंद ओळखता येतं असं दिसलं नाही.

हे वहिनींना आजच सांगायचं की चाचणी झाल्यावर, यावर दादाशी बोलत बसलो होतो. त्या स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "ते लोक तिकडचे. त्यांचं त्यांना. माझं मोजा."

बरोबर आहे त्यांचं.

१२ ऑगस्ट, शनिवार. ऐरोली

दिव्याचा सेन्सर केला. उजेड पडला की करंट देणारा बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड, त्याचा करंट व्होल्टेजमध्ये बदलायला एक ऑप-अँप, ९ व्होल्टची बॅटरी. सगळं पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात, नाहीतर घरातल्या वायरिंगचाच ५० हर्ट्झ आत शिरतो. पहिल्या तासाभरात तेच झालं, डायोडवर काळी पट्टी लावूनही स्कोपवर, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार पडद्यावर काढणाऱ्या यंत्रावर, लाट दिसत होती. डबा ग्राउंड केल्यावर गेली.

मग सेन्सरचीच परीक्षा. सेलवरची टॉर्च धरली, स्कोपवर सरळ रेषा. माळ्यावरचा ६० वॉटचा जुना तारेचा बल्ब लावला, १० टक्क्यांच्या आसपास. असाच यायला हवा. तार तापलेली असते, विजेच्या दोन लाटांच्या मध्ये तिला थंड व्हायला वेळ मिळत नाही.

टक्के कसले ते लिहून ठेवतो. सर्वांत जास्त उजेडातून सर्वांत कमी उजेड वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. दिवा मधल्या क्षणी पूर्ण विझत असेल तर १००, अजिबात हलत नसेल तर ०.

१३ ऑगस्ट, रविवार. चरई

घरभर मोजलं. वहिनी सोबत, आकडे त्याच लिहीत होत्या.

हॉलचं सीलिंगमधलं पॅनल ५ टक्के. बेडरूमचा बल्ब ११. स्वयंपाकघरातला बल्ब २९. मशीनवरचा बॅटन ९६. मशीनच्या मानेला चुंबकाने चिकटणारा, वाकड्या दांडीचा छोटा दिवा, जो सुईवर उजेड पडावा म्हणून घेतला होता, तो पूर्ण १००.

मी परत मोजलं. सॉकेट बदललं, डबा फिरवला. तेच.

वीज आपल्याकडे सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते आणि प्रत्येक वेळी दोनदा शून्याला टेकते. म्हणून दिव्याला सेकंदाला १०० खड्डे मिळतात. चांगल्या एलईडीच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणाऱ्या सर्किटमध्ये, कपॅसिटर असतो, माठासारखा. नळ बंद असताना माठातलं पाणी वापरावं तसा तो खड्ड्याच्या वेळी साठवलेली वीज देतो. स्वस्त मालात तो वगळतात. दुकानदार ज्याला डीओबी म्हणतात त्यात सगळा ड्रायव्हर एलईडीच्याच पाटीवर बसवलेला असतो, आणि पुष्कळदा कपॅसिटर नसतोच किंवा नावापुरता असतो. पैसे वाचतात, जागा वाचते, आणि उन्हाळ्यात फुगून मरणारा भागही कमी होतो. खोक्यावरचे तारे बघून हे कळत नाही. तारे सांगतात एका वॉटला उजेड किती, तो उजेड स्थिर आहे का ते नाही.

आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१५ साली एलईडीच्या थरथरीसाठी शिफारस काढली, क्रमांक १७८९. तिच्या हिशोबाने १०० हर्ट्झला ८ टक्क्यांपर्यंत धोका कमी, आणि ३.३ टक्क्यांच्या खाली परिणाम दिसू नये. हॉलचं पॅनल या रेषेच्या आत बसतं. मशीनचा कोपरा कितीतरी पट बाहेर.

वहिनींनी लगेच विचारलं, "पण आधी ट्यूबच होती की. तीही फडफडायचीच. तेव्हा कुठे डोकं दुखायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जुनी ट्यूब चोकसकट माळ्यावर आहे असं दादा म्हणाला. काढली, लावली. ३४ टक्के. ट्यूबच्या आतली पांढरी पावडर वीज गेल्यावरही क्षणभर उजळत राहते, म्हणून खड्डा पूर्ण खोल जात नाही. म्हणजे मेच्या शेवटी वहिनी ३४ वरून ९६ वर गेल्या, आणि वर तो १०० टक्क्यांचा दिवा सुईपाशी.

१५ ऑगस्ट, मंगळवार. सुट्टी

आजची नोंद सविस्तर लिहितो.

सेकंदाला १०० वेळा होणारी लुकलुक डोळ्यांना लुकलुक म्हणून दिसत नाही. साधारण ५० ते ९० हर्ट्झच्या पुढे ती आपल्याला सलग उजेड वाटते. मग वहिनींना सांगायचं कसं की इथे काही घडतंय? स्कोपवरची रेघ त्यांच्यासाठी माझ्याच शब्दावर विश्वास ठेवण्यासारखी.

त्यांनी स्वतःच वाट दाखवली. म्हणाल्या, "सुईला शेपटी दिसते हल्ली." कशी शेपटी? "एक सुई खाली जाते आणि तिच्यामागे तीन-चार सुया."

त्यांच्या पाकिटातली पांढरी टिकली घेतली आणि मशीनच्या चाकाच्या कडेला चिकटवली. जुनी काळी उषा, मोटार लावलेली. चाकाचा एक फेरा म्हणजे एक टाका. खिडकीचा पडदा लावला, फक्त बॅटन चालू ठेवला, वहिनींनी पायाने वेग धरला.

चाकावर एक टिकली असताना सहा दिसायला लागल्या. स्वच्छ, वेगवेगळ्या, सारख्या अंतरावर. पाय थोडा सैल झाला की सहाही हळूहळू मागे सरकायच्या, दाबला की पुढे. नीट सहावर थांबल्या तेव्हा हिशोब सरळ आहे: सेकंदाला १०० उजेड भागिले ६, म्हणजे चाक सेकंदाला १६.७ फेरे, मिनिटाला १,०००. त्याच वेळी सुई एका टाक्यात सहा वेळा उजळते आणि मधल्या क्षणी अंधारात असते. त्या तीन-चार सुया म्हणजे हेच. वहिनी दिवसाला सहा तास त्या सुयांमधून खरी सुई शोधत होत्या.

मग बॅटन बंद, पडदा उघडला, पावसाळी उजेड आत आला. त्याच वेगात चाकावर एक सलग पांढरी रेघ, गोल बांगडीसारखी.

वहिनींनी पाच-सहा वेळा चालू-बंद करून बघितलं. पुतण्याला हाक मारली, दादाला बोलावलं. शेजारच्या काकूही आल्या. मी काही बोललो नाही, समजावून सांगायला काही उरलं नव्हतं.

काकू विचारत होत्या की मशीन नसेल तर घरी कसं बघायचं. साधं आहे. शिवणाची पांढरी लाकडी पट्टी दिव्याखाली झपकन आडवी हलवायची. धूसर पंखा दिसला तर ठीक, वेगवेगळ्या पट्ट्या दिसल्या तर दिवा थरथरतोय. मोबाइलचा कॅमेरा दिव्याजवळ धरला तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात, पण सगळे फोन सारखं दाखवत नाहीत, म्हणून मला पट्टीच जास्त भरवशाची वाटते.

२० ऑगस्ट, रविवार

आता राउटर. दिव्याचं सापडलं म्हणून हा सुटला असं नाही, वहिनींचा संशय यावर आहे आणि त्यांना शब्द दिलाय.

हिशोबाने: घरगुती राउटर साधारण १०० मिलिवॉट बाहेर टाकतो. ते सगळ्या दिशांना सारखे पसरले तर एका मीटरवर दर चौरस मीटरला ८ मिलिवॉट, तेही तो सतत बोलत असेल तर. प्रत्यक्षात तो तुटकतुटक बोलतो. मोबाइल टॉवरसाठी आपल्या दूरसंचार विभागाने १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेचा एक दशांश लागू केला. त्या कडक मर्यादेत २ गिगाहर्ट्झच्या वर दर चौरस मीटरला १ वॉट येतो. राउटर मीटरभर अंतरावर त्याच्या सव्वाशेव्या भागात.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे, त्याची चौकशी काकूंनी केली. २०१७ साली सरकारने तरंग संचार नावाचं पोर्टल काढलं, तिथे आपल्या भागातले टॉवर बघता येतात, आणि ४,००० रुपये भरले तर खात्याची माणसं येऊन मोजून देतात. सोसायटीने हवं तर भरावेत. मला एवढंच सांगायचं होतं की टॉवर हटवल्याने हातातला फोन शांत होत नाही. सिग्नल कमी झाला की फोनच जास्त जोर लावून बोलतो.

हिशोब वहिनींनी ऐकून घेतला. पटला असं तोंडावर दिसलं नाही. आकड्याने अंगाची सरसर जात नाही, मलाही ते अपेक्षित नव्हतं. आंधळी चाचणी करू म्हणालो. त्यांनी विचारलं, "आणि मी चुकले तर? हा मुलगा हसेल मला." पुतण्या तिथेच होता. म्हणाला, "आई, मी हसलो तर राउटर खिडकीतून टाक."

२६ ऑगस्ट, शनिवार

छोटी नोंद, पण राग येऊन लिहितोय. वहिनींच्या मोबाइलमागे सोनेरी स्टिकर. "रेडिएशन खाणारी चिप." एका प्रदर्शनात विकत घेतली, सोबत चांदीच्या धाग्याचा म्हणे असा पडदा, दोन्ही मिळून ४,२०० रुपये. म्हणजे तीस-पस्तीस ब्लाउजची शिलाई.

फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद डेसिबलमध्ये दिसते. स्टिकर लावून दहा वेळा, काढून दहा वेळा बघितलं. काही फरक नाही. लहरी खरंच अडल्या असत्या तर फोनला रेंज मिळणं कठीण झालं असतं. घाबरलेल्या माणसाच्या खिशात हात घालणारे हे लोक.

२७ ऑगस्ट, ३ सप्टेंबर, १० सप्टेंबर. तीन रविवार

रीत आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या, म्हणजे नंतर कुणी, विशेषतः मी, नियम वाकवू नये.

वेळ सकाळी दहा ते बारा. सगळे दिवे बंद, फक्त खिडकीचा उजेड. राउटर त्याच फळीवर, त्याच्या हिरव्या ठिपक्यांवर काळी पट्टी. वीज चालूच, म्हणजे त्याचा गरमपणा किंवा घूंघूं यावरून ओळखता येणार नाही. फक्त वाय-फायचा रेडिओ चालू-बंद करायचा, तोही पुतण्याने आतल्या खोलीत वायरने जोडलेल्या लॅपटॉपवरून. तो नाणं उडवणार, निकाल कागदावर लिहून पाकिटात टाकणार. मी वहिनींजवळ, मलाही माहीत नाही. सगळे फोन काकूंकडे. पंधरा मिनिटं बसायचं, मग "चालू" की "बंद" आणि कुठे काय वाटलं ते सांगायचं, मग पंधरा मिनिटं सुट्टी. रविवारी चार फेऱ्या, एकूण १२. नुसत्या अंदाजाने १२ पैकी १० किंवा जास्त बरोबर यायची शक्यता २ टक्क्यांहून किंचित कमी. म्हणून ठरवलं, १० बरोबर आली तर राउटर त्या दिवशी घराबाहेर, चर्चा नाही.

वहिनींनी एक चांगली शंका काढली. शेजाऱ्यांचे राउटर चालूच आहेत, मग "बंद" म्हणजे बंद कुठे? फोनवर पाहिलं, सतरा नावं दिसली. आपला राउटर वजा ३५ डेसिबलला, त्यांतला सर्वांत जवळचा वजा ७५ ला. चाळीस डेसिबल म्हणजे दहा हजार पटींचा फरक. त्यांना ते मान्य झालं.

आंधळ्या फेऱ्यांच्या आधी दोन उघड्या. चालू आहे हे सांगून बसवलं तेव्हा पाच मिनिटांत गालांची आग, कानामागे सरसर. बंद आहे सांगितल्यावर काही नाही. म्हणजे पंधरा मिनिटं पुरतात हे कळलं.

१० सप्टेंबरला दुपारी पाकिटं उघडली. नाण्याने राउटर ७ वेळा चालू ठेवला होता, ५ वेळा बंद. चालू असलेल्या सातांपैकी वहिनी पाचांना "चालू" म्हणाल्या. बंद असलेल्या पाचांपैकी तिघांना "चालू" म्हणाल्या. एकूण बरोबर ७. सर्वांत जास्त आग झाली ती नवव्या फेरीला, पाणी मागून घेतलं होतं. नवव्या फेरीला राउटर बंद होता.

कागद त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. पुतण्या जमिनीकडे बघत होता.

"म्हणजे मी खोटं बोलत होते का, भावजी?"

"नाही वहिनी. तुमचे गाल लाल झाले होते, मी समोर बसलो होतो. आग झाली हे खरं. ती राउटरने लावली नाही एवढंच या कागदावर आहे."

मग २०१३ सालच्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. मायकल विटहॉफ्ट आणि तेच रुबिन. १४७ जणांना दोन गटांत विभागलं, एका गटाला वाय-फायच्या धोक्यांवरचा टीव्ही कार्यक्रम दाखवला, दुसऱ्याला वेगळा. मग सगळ्यांना सांगितलं की आता वाय-फायचा सिग्नल सोडतोय. सिग्नल खोटा होता, तरी निम्म्याहून जास्त लोकांना काही ना काही झालं. दोघांना तर इतकं की बसवेना. स्वभावाने आधीच काळजी करणाऱ्यांमध्ये, धोक्याचा कार्यक्रम बघितल्यावर, त्रास अधिक.

वहिनी थोड्या वेळाने म्हणाल्या, "वर्गात एका मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या की सगळ्या पोरी डोकं खाजवायच्या. मी पण खाजवायची. तसं का?"

तसंच. आणि खाज खरीच असायची.

कागद त्यांनी ऑर्डरच्या वहीत ठेवला. जेवायला बसलो तेव्हा फार बोलल्या नाहीत. कुणीच "बघ, सांगितलं होतं ना" म्हटलं नाही, याचं मला बरं वाटलं.

१६ सप्टेंबर, शनिवार

गणपतीच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, मीही गेलो. हे खरं तर पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं, मी मोजमापाच्या नादात मागे टाकलं. ती माझी चूक. डॉक्टर अर्धा तास ऐकत होत्या, मधे तोडलं नाही. रक्तदाब ठीक. लक्षणं मायग्रेनची. मायग्रेन असलेल्यांना थरथरता उजेड इतरांपेक्षा जास्त टोचतो हे त्यांनी आपणहून सांगितलं, मी दिव्याचा विषय काढण्याआधी. चष्म्याचा जवळचा नंबर चार वर्षांत तपासला नव्हता, तो वाढलाय. औषध दिलं, पाणी आणि वेळच्या वेळी खाणं सांगितलं. वहिनी काम रेटताना दुपारचं जेवण चार वाजता घेतात हेही त्यांनीच खणून काढलं.

आरोग्य संघटनेच्या पत्रकातही सल्ला हाच आहे: लक्ष लक्षणांवर द्या, माणसाच्या भोवतीच्या लहरी हटवण्यावर नको.

३० सप्टेंबर, शनिवार

गणपती, गौरी, सगळं पार पडलं. मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारातून वेगळा ड्रायव्हर आणला, आत चांगला मोठा कपॅसिटर असलेला, १८० रुपये. तसाच दुसरा बॅटन घेऊन त्याच्यात बसवला. मोजला, २.५ टक्के. बाहेरून दोन्ही बॅटन हुबेहूब. लॅबचा लक्समीटर आणून मशीनच्या पाटावर उजेड बघितला, ६२० आणि ६०५. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. सुईजवळचा दिवा या काळात पूर्ण बंद.

उद्यापासून कामाचे १६ दिवस. आठ दिवस हा, आठ दिवस तो, क्रम चिठ्ठ्या टाकून. दादा सकाळी वहिनी उठायच्या आधी बदलणार. औषध आणि चष्मा दोन्हीकडे सारखंच.

४ ऑक्टोबर, बुधवार. फोनवर

वहिनींचा फोन. "आज वाईटवाला आहे ना? सुईला शेपटी आलीय."

झालं. आंधळेपणा संपला. हे मला आधी सुचायला हवं होतं, टिकलीचा खेळ मीच दाखवला होता. हातशिलाईचीच कामं दिली तर टळेल, पण दसऱ्याच्या ऑर्डरी पडल्यात, सोळा दिवस मशीन बंद ठेवा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? चालू ठेवतो. फक्त वहीत मोठ्या अक्षरांत: वहिनींना कळतं.

यात एक फरक मात्र मनात घोळतोय. राउटर त्यांना बारा फेऱ्यांत ओळखता आला नाही. दिवा त्यांनी चौथ्या दिवशी, न विचारता, फोनवर ओळखला.

२२ ऑक्टोबर, रविवार

सोळा दिवस पूर्ण. थरथरत्या बॅटनच्या आठ दिवसांपैकी सहा दिवस डोकं दुखलं, स्थिर बॅटनच्या आठांपैकी दोन दिवस. दोनांतला एक दिवस उपासाचा होता.

एक माणूस, सोळा दिवस, आणि आंधळेपणा तुटलेला. एवढ्यावरून मी काही सिद्ध केलं असं म्हणणार नाही. पण हे एकट्याच्या जिवावर उभं नाही. १९८९ साली ब्रिटनमध्ये आर्नल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयात हेच केलं होतं. जुन्या चोकच्या, १०० हर्ट्झला थरथरणाऱ्या ट्यूब, आणि त्यांच्या जागी ३२ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या. कर्मचाऱ्यांना कोणती कधी ते सांगितलं नव्हतं. स्थिर दिव्यांखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला. त्या वेळी थरथर होती चोकच्या ट्यूबची. आमच्या बाल्कनीतला एलईडी आमच्या जुन्या ट्यूबच्या जवळजवळ तिप्पट.

इतका साधा दोष, एका कपॅसिटरच्या किमतीचा, घराघरांत डोक्यावर टांगलेला आहे आणि बायका त्याखाली शिवतायत, मुलं अभ्यास करतायत. हे मनातून जात नाही.

स्थिर बॅटन कायमचा लावला. सुईजवळचा दिवा टाकून दिला, त्या जागी मोबाइलच्या चार्जरवर चालणारा छोटा दिवा, मोजला तर १ टक्का. स्वयंपाकघरातला बल्बही बदलला.

राउटर फळीवरच आहे. सप्टेंबरात वहिनी रात्री त्याचं बटण बंद करायच्या. आता करत नाहीत असं पुतण्या म्हणाला. मी विचारलं नाही. आज गेलो तेव्हा त्या फोनवर पाठीच्या गळ्याचे नमुने बघत होत्या, वाय-फायवर. ठिपक्यांवरची काळी पट्टी मात्र काढू दिली नाही. "राहू दे ती. डोळ्याला बरी वाटते."

२९ ऑक्टोबर, रविवार

गेल्या आठवड्यात डोकं एकदाच, मंगळवारी, दसऱ्याच्या दगदगीनंतर. औषध घेऊन दोन तासांत उतरलं.

आज गेलो तर वहिनींनी चहाच्या आधी कागद पुढे केला. कळव्याला बचत गटाच्या शिवणवर्गात त्या मंगळवारी आणि शुक्रवारी शिकवतात. खोलीत आठ मशीन, वर सहा बॅटन. शुक्रवारी त्यांनी प्रत्येक बॅटनखाली पट्टी हलवून बघितली आणि टिपण केलं: पाचांखाली वेगवेगळ्या पट्ट्या, एकाखाली पंखा. बायकांना विचारलं, किती जणींचं डोकं दुखतं. तिघींनी हात वर केला. त्यांतली एक म्हणाली, तिच्या मते टॉवरमुळे.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, आधी मोजू. डॉक्टरचं नावही दिलं तिला." मग लगेच, "पाच ड्रायव्हरचे नऊशे होतील. गटाच्या ताईंशी बोललेय मी, देतील. भावजी, तुम्ही मंगळवारी अर्धा दिवस रजा टाका. डबा आणा, आणि दादांची शिडी मी पुढे पाठवून ठेवते."

रजेचा अर्ज टाकला. ड्रायव्हर सहा आणायचे, एक जास्तीचा.